अमेरिकेतल्या कॉलेजसाठी ॲक्टिव्हिटी: काय ठेवायचं, काय सोडायचं

तुमच्या प्रश्नात दोन-तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, म्हणून आधी ते सुटे करून घेते. तुम्ही लिहिलंय की तुम्ही तासगाव भागातले, मुलगी अकरावी सायन्सला, कॉलेज नुकतंच सुरू झालंय आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करायचा आहे. लहानपणापासून तबला शिकते, संगीत परीक्षांपैकी मध्यमा पूर्ण झालीय. एका कन्सल्टंटनं कागदावर यादी लिहून दिली: एक एनजीओ काढा, दोन-तीन एमयूएन (विद्यार्थ्यांनी भरवलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नकली सभा) करा, एक रिसर्च पेपर, एक ऑलिम्पियाड, एक खेळ, उन्हाळ्यात एखाद्या अमेरिकन विद्यापीठाचा कोर्स. अर्जात दहा रकाने असतात, ते दहाही भरलेच पाहिजेत. एवढं सगळं करायचं तर तबला सोडावा का, असं तुम्ही विचारताय. पहिल्या एमयूएनचे पैसे भरून झालेत, तिला पाठवावं का, हेही. आणि जाता जाता एक ओळ: ‘बाकी घरी द्राक्षबागेचं थोडंफार बघते, फवारणीची वही लिहिते, पण ते काही धरण्यासारखं नाही.’

त्या ओळीवर मला बरंच बोलायचंय, पण थोडं थांबून.

मी पुण्यात हेच काम करते. मुलांबरोबर बसून कॉलेजांची यादी ठरवायची, अर्ज तपासायचे, निबंधांवरून त्यांच्याशी वाद घालायचे. त्यामुळे तुमच्या कन्सल्टंटची यादी मला अनोळखी नाही. पुणे, नाशिक, नागपूर, अगदी न्यू जर्सीतल्या मराठी घरातून आलेला अर्ज उघडला तरी तीच यादी दिसते, क्रम तेवढा बदललेला असतो. तिच्यात वाईट असं काही नाही. फक्त ती तुमच्या मुलीशी एक शब्दही न बोलता तयार झालेली आहे.

आता वेळेचा हिशेब बघा. पुष्कळ कॉलेजं ज्यावर अर्ज घेतात तो कॉमन ॲप १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतो. लवकर अर्ज करायचा तर मुदत १ नोव्हेंबरच्या आसपास, नेहमीची मुदत बऱ्याच ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे तिच्या हातात साधारण पंधरा महिने आहेत. त्यातच अकरावी, बारावीचा अर्धा अभ्यास, क्लास, सॅट ही तिकडची प्रवेशपरीक्षा आणि डझनभर छोटे-मोठे निबंध. यातून आठवड्याला आठ-दहा तास खरोखर मोकळे मिळाले तरी खूप. तेव्हा ‘कोणत्या ॲक्टिव्हिटी घ्याव्यात’ यापेक्षा ‘हे आठ-दहा तास कुठे घालावेत आणि काय नव्यानं सुरू करू नये’ असा प्रश्न धरू या. त्याचं उत्तर देता येतं.

पण त्याआधी, कुठली कॉलेजं? हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि बरंचसं यावरच अवलंबून आहे. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं ठरावीक साच्यातलं पत्रक काढतात. विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की सहसा पीडीएफ सापडते. त्यात ‘सी ७’ क्रमांकाचा तक्ता बघा. बारावीपर्यंतचे गुण, विषय किती अवघड घेतले, निबंध, शिफारसपत्रं, ॲक्टिव्हिटी, स्वयंसेवी काम, नोकरीचा अनुभव अशा एकेका बाबीपुढे चार रकाने असतात: अतिशय महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. तिच्या मनातली दहा-बारा कॉलेजं घ्या, प्रत्येकाचा हा तक्ता उघडा आणि ‘ॲक्टिव्हिटी’च्या ओळीत खूण कुठे आहे ते वहीत लिहून काढा. एका संध्याकाळचं काम आहे. कन्सल्टंटला फी देण्याआधी करावं असं.

मग दिसेल की सगळीकडे सारखं नाही. अनेक मोठ्या सरकारी विद्यापीठांत गुण आणि विषय यांचंच वजन जास्त; तिथे दहाव्या रकान्यासाठी जीव काढण्यात अर्थ नाही. छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं (एकाच शाखेत न अडकता अनेक विषय शिकवणारी) आणि नावाजलेली खासगी विद्यापीठं यांच्याकडे उत्तम गुणांचे अर्ज जागांच्या कितीतरी पट येतात, तिथे ॲक्टिव्हिटी आणि निबंध बारकाईनं वाचले जातात. अर्जाचे नमुनेही वेगळे. कॉमन ॲपमध्ये जास्तीत जास्त दहा ॲक्टिव्हिटी लिहिता येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा (बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे) अर्ज स्वतंत्र असतो, त्यात ॲक्टिव्हिटी, पुरस्कार, नोकरी सगळं धरून वीस नोंदी चालतात. एमआयटीचा अर्जही वेगळा, आणि तिथे जागा फक्त चार ॲक्टिव्हिटींना. एमआयटीत शिरायचं म्हणून दहा गोष्टी गोळा करणारी मुलं मी बघते तेव्हा मला त्यांच्या आईवडिलांना तो अर्ज एकदा उघडून दाखवावासा वाटतो.

पैशाची बाजूही याला चिकटलेली आहे. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न बघता प्रवेश ठरवणारी आणि मग लागेल तेवढी मदत देणारी विद्यापीठं थोडी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी. बाकी पुष्कळ ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते. म्हणजे ज्या कुटुंबाला मदत लागणार आहे त्यांची यादी आपोआप अशा कॉलेजांकडे झुकते जिथे ॲक्टिव्हिटी सर्वांत काटेकोरपणे वाचल्या जातात. तुमच्या घरचं गणित मला माहीत नाही; ते तुम्ही दोघांनी मुलीसमोर बसून मोकळेपणानं करा.

ब्रिटनचा पर्याय ठेवणार असाल तर तिथलं तर्कशास्त्रच निराळं. ऑक्सफर्ड-केंब्रिज विषयाच्या ओढीला महत्त्व देतात: अभ्यासक्रमाबाहेर त्या विषयातलं काय वाचलं, काय करून बघितलं. तबला आणि एमयूएन तिथे जवळपास गैरलागू. आणि भारतात राहायची वेळ आली तर जेईई, एमएचटी-सीईटी किंवा नीटच्या गुणवत्ता यादीला तिच्या रकान्यांशी काही देणंघेणं नाही. अशोका, फ्लेम यांसारखी थोडी खासगी विद्यापीठं मात्र अर्ज आणि मुलाखतीत हे सगळं बघतात.

आता तो दहा रकान्यांचा धाक. हार्वर्डच्या ग्रॅज्युएट स्कूल ऑफ एज्युकेशनमधल्या एका प्रकल्पानं २०१६ मध्ये प्रवेशप्रक्रियेवर एक अहवाल काढला होता. त्याला बऱ्याच कॉलेजांच्या प्रवेश-अधिकाऱ्यांनी पाठिंबा दिला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की दोन-तीन भरीव गोष्टींपेक्षा जास्त लिहिण्याचा दबाव मुलांना वाटता कामा नये. अहवाल म्हणजे नियम नव्हे, आणि पहिल्या फळीच्या कॉलेजांत प्रवेश मिळालेल्या मुलांच्या याद्या सहसा दोन-तीनवर थांबत नाहीत, हेही खरं. पण सहा-सात खऱ्या नोंदी असलेला अर्ज दहा पोकळ नोंदींच्या अर्जापुढे कधीच कमी पडत नाही. वाचणारा माणूस वरून खाली वाचतो. तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत त्याचं मत बनत आलेलं असतं, आणि खालच्या भरतीच्या ओळींनी ते सुधारत नाही, झालं तर बिघडतं.

वाचणारा काय बघतो, याचा एक अस्सल कागद उपलब्ध आहे. २०१८ मध्ये बोस्टनच्या फेडरल न्यायालयात हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर खटला चालला. (तोच पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२३ मध्ये वंशाचा विचार करण्याबाबतचा निकाल आला, तो आज आपला विषय नाही.) त्या सुनावणीत, अर्ज वाचणाऱ्यांना विद्यापीठ कोणत्या सूचना देतं ते उघड झालं. ॲक्टिव्हिटींना १ ते ६ असा आकडा दिला जातो. १ म्हणजे राष्ट्रीय पातळीवरचं किंवा व्यावसायिकाच्या तोडीचं काम. २ म्हणजे शाळेत उठून दिसणारं योगदान, विद्यार्थी मंडळाचं अध्यक्षपद, शाळेच्या नियतकालिकाचं संपादन अशा धर्तीचं. ३ म्हणजे भरपूर सहभाग, पण विशेष असं काही नाही. ४ म्हणजे जवळजवळ काहीच नाही. इथे उतरंड संपते. ५ हा आकडा वेगळ्याच कामासाठी ठेवलाय: रूढ ॲक्टिव्हिटींच्या बाहेरचं भरीव काम, म्हणजे घरच्या जबाबदाऱ्या किंवा शाळा चालू असतानाची नोकरी. आणि ६ म्हणजे परिस्थितीमुळे भाग घेता आला नाही.

कन्सल्टंटच्या यादीतल्या सहाही गोष्टी अकरावीत सुरू केल्या आणि प्रामाणिकपणे पार पाडल्या, तर बहुतेक मुलांच्या बाबतीत त्या ३ वर येऊन थांबतात. दहा तीन मिळून एक दोन होत नाही. आणि घरच्या कामासाठी त्याच कागदावर वेगळी जागा आखलेली आहे. कॉमन ॲपमध्येही ॲक्टिव्हिटीचा प्रकार निवडायच्या यादीत ‘फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज’ असा पर्याय आहे. आपल्याकडची मुलं तो बघतात आणि पुढे जातात, कारण घरचं काम हे ‘ॲक्टिव्हिटी’ असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

यादीतल्या एकेका गोष्टीबद्दल माझं मत सांगते. काही थोडक्यात.

एनजीओ काढू नका. अकरावीत निघालेल्या एनजीओचा नमुना ठरलेला आहे: अध्यक्ष ती, सचिव मैत्रीण, एक इन्स्टाग्राम पेज, दोन वेळा वह्यावाटप, फोटो, आणि अर्ज पाठवला त्या आठवड्यापासून शांतता. वाचणाऱ्यांनी असे अर्ज हजारांनी बघितलेत. सामाजिक कामाची तिला खरंच आवड असेल तर जे आधीपासून चालू आहे तिथे जाऊन हात लावावा. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथे दर शनिवारी लहान मुलांसाठी एक तास. तिथे ती अध्यक्ष नसेल, पण ती गेली नाही तर चार मुलं दारात वाट बघत उभी राहतील. कामाला वजन येतं ते यानं.

रिसर्च पेपर. एखाद्या शिक्षकाबरोबर किंवा संशोधन संस्थेत ओळखीनं किंवा मेल लिहून संधी मिळाली आणि तिला प्रश्नातच रस असला, तर उत्तम. पण भरमसाट फी घेऊन ‘मेंटर’ पुरवणारे आणि शाळकरी मुलांचे पेपर शुल्क घेऊन छापणारे आता सगळीकडे झालेत. तसला पेपर वाचताना सोळा वर्षांच्या मुलीची भाषा कुठे संपते आणि मेंटरची कुठे सुरू होते हे मला कळतं, तर रोज अर्ज वाचणाऱ्याला कळणारच.

ऑलिम्पियाड म्हणताना दोन गोष्टींची गल्लत होते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली चालणारा मार्ग, गणितात आयओक्यूएम या पहिल्या टप्प्याच्या परीक्षेपासून सुरू होऊन वर जाणारा, हा खरा. खासगी संस्था शाळाशाळांतून घेतात आणि ज्यात पोतंभर मुलांना पदकं मिळतात त्या ‘ऑलिम्पियाड’ परीक्षा निराळ्या. पहिल्या प्रकारात आठवी-नववीपासून गणितं सोडवायचा नाद लागलेली मुलं असतात. तिला तो नाद असता तर तुमच्या प्रश्नात तो आलाच असता.

उन्हाळी कोर्सबद्दल एवढंच: एमआयटीतली रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट किंवा टेल्युराइड असोसिएशनचे सेमिनार मोफत असतात आणि निवड अतिशय कडक असते, म्हणून त्यांचं नाव अर्जात बोलतं. फी भरली की जागा मिळते अशा कोर्समध्ये मुलगी शिकेलही, मजाही येईल. पण मोठ्या विद्यापीठाच्या आवारात झाला म्हणून त्याच विद्यापीठात प्रवेश सोपा होतो, असा समज असेल तर तो सोडा. लाखांत खर्च येतो. तेवढ्या पैशात बागेत बरंच काही होतं.

खेळ तब्येतीसाठी खेळावा. तिकडचे प्रशिक्षक खेळाडू निवडतात ती वाट वेगळी, आणि त्या वाटेवरची मुलं अकरावीत खेळ शोधत नसतात.

तबला. सोडू नका हो. इतक्या वर्षांची एकच गोष्ट तिच्याकडे आहे जी अर्जाचा विचार डोक्यात येण्याआधी सुरू झाली, आणि तीच कापायची? कॉमन ॲप नववी ते बारावी ही चारच वर्षं विचारतो. आपल्याकडे त्या चारांतली दोन ‘दहावी आहे’ आणि ‘बारावी आहे’ या कारणांनी बंद पडलेली असतात. त्यामुळे दहावीतही ज्या मुलीचा क्लास सुटला नाही तिची नोंद वेगळी दिसते. तुमच्या मुलीचा दहावीत चालू होता का? असेल तर चारही इयत्तांपुढे खूण करता येईल, आणि ती खूण स्वतःच बोलते.

मात्र ‘मध्यमा पूर्ण’ हे शब्द तिकडच्या माणसाला काही सांगत नाहीत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षापद्धत, प्रारंभिक ते अलंकार हा क्रम, त्यात मध्यमा कुठे बसते, हे एका ओळीत समजावावं लागतं. त्यासाठी अर्जात पुरस्कारांचा स्वतंत्र भाग आहे: पाच नोंदी, प्रत्येकी १०० अक्षरं. परीक्षा तिथे घाला आणि ॲक्टिव्हिटीची जागा प्रत्यक्ष वादनाला ठेवा. मला तिला विचारायचंय ते हे: ती कुणाला साथ करते का? क्लासमध्ये कायदे-रेले या तबल्याच्या ठरलेल्या रचना वाजवणं आणि भजनी मंडळाच्या बायका लय सोडून पुढे पळायला लागल्या की त्यांना धरून ठेवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्यात दुसऱ्याचं ऐकावं लागतं. गावात भजन असतंच, एकादशीला जास्तच. क्लासच्या नेहमीच्या तासांखेरीज आठवड्याला दीड-दोन तास साथीला दिले तर वर्षभरात तिच्याकडे सांगण्यासारखं बरंच जमेल. दहा मिनिटांचं स्वच्छ रेकॉर्डिंगही करून ठेवा. काही कॉलेजं कलेचे नमुने वेगळे मागवून संगीत विभागाकडे पाठवतात. विशारदची पहिली परीक्षा याच काळात द्यायची की नाही हे गुरुजींवर सोडा, फक्त सत्र नोव्हेंबर-डिसेंबरात आलं तर ते अर्जांच्या गर्दीत सापडेल एवढं ध्यानात ठेवा.

आणि आता बाग.

‘फवारणीची वही लिहिते’ हे तुम्ही इतकं सहज लिहून गेलात, कारण तुमच्यासाठी ते रोजचं आहे. मी शेतकरी नाही, पण सांगली आणि नाशिककडच्या मुलांचे अर्ज करता करता जेवढं समजलं त्यावरून सांगते. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस लांबला की दावण्या या वेलीच्या रोगाची भीती. पानं किती तास ओली राहिली, रात्री दव किती पडलं, मागची फवारणी कधीची, पुढची आज घ्यायची की उद्या, काढणीआधी किती दिवस कुठलं औषध बंद करायचं. माल युरोपात जाणार असेल तर औषधाच्या अंशाच्या मर्यादा, बेदाणा करायचा असेल तर शेडचं निराळं गणित. या सगळ्याची वही सोळा वर्षांची मुलगी लिहिते. तिची नोंद चुकली तर तुमचं नुकसान होऊ शकतं. शाळेच्या क्लबमध्ये चूक झाली तर कुणाचंच काही बिघडत नाही.

पण इथे मला तुम्हाला आवरावंही लागेल. हे वाचून तुम्ही उद्या कन्सल्टंटकडे गेलात तर तो म्हणेल, ‘वा! शेतकऱ्यांसाठी एआय ॲप काढू या.’ नका काढू. शेतीशी पाच मिनिटांची ओळख नसलेल्या मुलांची शेतकऱ्यांसाठीची ॲप्स अर्जांत ढिगानं येतात, आणि तुमच्या मुलीकडे आहे ती गोष्ट त्या ढिगात नेऊन टाकायची गरज नाही. तसंच ‘गरीब शेतकऱ्याची मुलगी’ असं रडगाणंही नको. तुम्ही बागायतदार आहात, तसं लिहा.

तिला आधी विचारा की हे काम तिला आवडतं का, की तुम्ही सांगता म्हणून करते. कंटाळा येत असेल तरी नोंद घालायचीच, जबाबदारी ही जबाबदारीच. पण मग त्यावर आणखी इमले चढवू नका. कुतूहल असेल तर पुढची पायरी कामातूनच निघेल. मागच्या दोन-तीन हंगामांच्या वह्या असतीलच. त्या एका एक्सेलमध्ये उतरवायच्या: तारीख, पाऊस, औषध, प्रमाण, कारण. शेजारी पावसाची आणि आर्द्रतेची नोंद. मग बघायचं की कुठली फवारणी खरंच लागत होती आणि कुठली नुसत्या भीतीपोटी झाली. काका-मामांच्या बागांच्या वह्या मिळाल्या तर तुलना करता येईल. अडलं तर पुण्याजवळ मांजरी गावात राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना नेमका प्रश्न विचारणारं पत्र लिहायचं. निष्कर्ष काहीच निघाला नाही तरी चालेल; ‘नोंदी अपुऱ्या होत्या म्हणून यंदापासून पान ओलं राहण्याचे तासही लिहायला लागले’ हेसुद्धा काम झालं. आणि यातून तिला जीवशास्त्र ओढतंय की आकडे, हे तिचं तिलाच कळेल. कुठला विषय घ्यायचा हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच आहे.

लिहायचं कसं, याबद्दल थोडं. कॉमन ॲपमध्ये एका ॲक्टिव्हिटीच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा धरून. पदासाठी ५०, संस्थेच्या नावासाठी १००. एवढ्या जागेत ‘नेतृत्वगुण विकसित केले, वेळेचं नियोजन शिकले’ असलं लिहिलं की जागा संपली आणि कळलं काहीच नाही. त्याऐवजी, मराठीत अर्थ सांगायचा तर: ‘चार एकर द्राक्षबागेच्या फवारणी व पावसाच्या रोजच्या नोंदी, फवारणीची वेळ वडिलांसोबत ठरवते, मजुरांचा आठवड्याचा हिशेब.’ क्रियापदं आणि आकडे, बस. एकर मी अंदाजानं लिहिले, तुमचे खरे घाला.

तासांच्या बाबतीत खरं तेच. प्रत्येक नोंदीपुढे आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे लिहावे लागतात. मुलं फुगवतात आणि बेरीज करायला विसरतात. आठवड्यात १६८ तास. झोपेचे ५० धरा, कॉलेज, क्लास आणि अभ्यासाचे ७०, जेवणखाण-येणंजाणं २०. उरले २८. आणि अर्जात ॲक्टिव्हिटींची बेरीज ५५! असा अर्ज हातात आला की मी पेन्सिलनं बेरीज करून परत देते. बागेचं काम हंगामी आहे, तर हंगामीच लिहा: ऑक्टोबर ते जानेवारी आठवड्याला सात-आठ तास, एप्रिलच्या खरड छाटणीला काही आठवडे. हंगामी आकडे जास्त खरे वाटतात, कारण खरं काम वर्षभर एका मापानं चालत नाही. शिवाय अर्जाच्या शेवटी सगळं खरं असल्याची सही करावी लागते, आणि खोटं निघालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

अकरावी-बारावीच्या कॉलेजची एक अडचण तुम्ही लिहिली नाहीत, पण आपल्याकडे ती प्रत्येकाला येते. नववी-दहावी शाळेत, मग ज्युनिअर कॉलेज, तेही कदाचित क्लासशी जोडलेलं इंटिग्रेटेड. तिथे क्लब नाहीत, संमेलन असलं तर सिनिअरच्या मुलांचं, आणि शिक्षक तिला नावानं ओळखत नाहीत. अमेरिकन कॉलेजं अर्ज शाळेच्या संदर्भात वाचतात. जी संधी शाळेत नव्हती ती घेतली नाही म्हणून दोष देत नाहीत. पण शाळेत काय नव्हतं हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. शाळेच्या अहवालासोबत एक पानी माहितीपत्रक जोडता येतं: विद्यार्थीसंख्या, बोर्ड, कोणते उपक्रम आहेत आणि नाहीत. प्राचार्यांकडे तयार नसेल, बहुधा नसतंच, तर मसुदा तुम्ही घेऊन जा आणि त्यांना तपासून सही करायला सांगा. शिफारसपत्रासाठी जीवशास्त्राच्या किंवा गणिताच्या एखाद्या शिक्षकांशी तिनं आत्तापासून बोलायला लागावं. वर्गानंतर थांबून प्रश्न विचारणं, एवढंच. बारावीच्या सप्टेंबरात अचानक गेलं तर पत्रात ‘हुशार आणि मेहनती’ याच्या पलीकडे काही येत नाही.

तर माझ्या मते तिचे पंधरा महिने साधारण असे जावेत. तबल्याचा क्लास चालू, साथ वाढवायची. बाग आहे तशी, या ऑक्टोबरच्या छाटणीपासून नोंदी थोड्या नेटक्या. काढणी आणि बेदाण्याची गडबड संपली की उन्हाळ्याच्या सुट्टीत मागच्या वह्या एक्सेलमध्ये. वाचनालय किंवा तसलं काही, तिला वाटलं तरच. धाकट्या भावंडाचा अभ्यास घेत असेल, आजीला दवाखान्यात नेत असेल, तर तेही लिहायचं. सहा नोंदी झाल्या तर सहा. पुढच्या ऑगस्टमध्ये अर्ज उघडल्यावर महत्त्वाची वर या क्रमानं लावायच्या आणि चार रकाने कोरे सोडून द्यायचे.

राहिलं ते एमयूएन. पैसे परत मिळणार नाहीत म्हणताय, तर पाठवा तिला. पुण्या-मुंबईची मुलं भेटतील, दोन दिवस फाडफाड इंग्रजी कानावर पडेल, कदाचित तिला भलतंच आवडेल आणि ती स्वतः पुढचं शोधेल. नाही आवडलं तर दुसऱ्याचे पैसे भरू नका. आणि कॉलेजांची यादी तयार झाली की कळवा, तक्त्यातल्या खुणांसकट. मग तबला वर ठेवायचा की बाग, हे नेमकं सांगता येईल.